नदीकाठच्या बाईला कुणी विचारलं?

अतिरप्पिल्लीचा धबधबा तुम्ही पाहिला आहे. नाही म्हणू नका, मी पैज लावते! ‘गुरू’ सिनेमात ऐश्वर्या राय पावसाचं गाणं म्हणत नाचते, तिच्या मागे तो पांढराशुभ्र लोट कोसळत असतो, तोच हा. ‘बाहुबली’तही तो आहे. केरळात, त्रिशूर जिल्ह्यात, चालक्कुडी नावाच्या नदीवर. उंची म्हणाल तर सुमारे ऐंशी फूट. आकडा फार मोठा वाटत नाही ना? पण त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं, की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही आणि साडी दोन मिनिटांत भिजून जाते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमचा भिशीचा ग्रुप केरळला गेला होता. बारा जणी. दोन वर्षं पैसे साठवत होतो. नवरे, मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना घरी ठेवून निघालो होतो, त्यामुळे उत्साह काय विचारता! कोचीहून टेम्पो ट्रॅव्हलर केली होती. ड्रायव्हरदादा पूर्वी आठ वर्षं भिवंडीला राहिलेला, त्यामुळे त्याचं हिंदी आपल्यासारखंच. आम्ही धबधब्यापुढे फोटो काढून थकलो आणि भाजलेली कणसं घेऊन कट्ट्यावर बसलो, तेव्हा तो सहज बोलून गेला, “मॅडम, ये पानी बंद होनेवाला था. ऊपर डॅम का प्लॅन था. चालीस साल झगडा चला.”

कणीस माझ्या हातातच राहिलं. धरण म्हटलं, की माझे कान टवकारतात. त्याचं कारण माझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच. आधी हा ‘प्लॅन’ काय होता ते सांगते. तिथून आल्यावर मी दोन-तीन महिने मिळेल ते वाचून काढलं. लेकीनं इंग्रजीतले अहवाल शोधून दिले, त्यातलं जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हा लेख.

केरळच्या वीज मंडळाने १९७९ च्या सुमारास अतिरप्पिल्लीच्या वरच्या अंगाला जलविद्युत प्रकल्प करायचं ठरवलं. सोप्या शब्दांत सांगायचं, तर नदीला आडवी २३ मीटर उंचीची भिंत घालायची, पाणी अडवायचं आणि ते डोंगराच्या पोटातून साडेचार किलोमीटरहून लांब बोगद्याने खालच्या बाजूच्या वीजघरात न्यायचं. वीज किती? १६३ मेगावॉट. आता गोम अशी, की धरण आणि वीजघर यांच्या मधोमध येतो हा धबधबा. म्हणजे नदीचं बरंचसं पाणी बोगद्यातून जाणार आणि धबधब्याला उरलंसुरलं मिळणार. धरणाच्या पायथ्याशी ३ मेगावॉटचं एक छोटं वीजघर असेल, त्यातून पाणी सुटत राहील आणि धबधबा वाहता राहील, असं मंडळाचं म्हणणं होतं. नळाची तोटी किती सोडायची ते आम्ही ठरवू, असंच म्हणा ना!

पण मैत्रिणींनो, मला सांगायचं आहे ते धबधब्याबद्दल नाही. धबधब्याची बाजू घेणारे खूप असतात. पर्यटक असतात, हॉटेलवाले असतात, सिनेमावाले असतात. मला सांगायचं आहे ते धबधब्याच्या थोडं वर राहणाऱ्या माणसांबद्दल.

अतिरप्पिल्लीपासून पाच किलोमीटर वर गेलं, की वाळच्चाल लागतं. तिथे नदी खडकांवरून खळाळत उतरते आणि दोन्ही काठांवर असं जंगल, की दुपारी बारा वाजता खाली ऊन पडत नाही. पुस्तकात आपण ‘सदाहरित वर्षावन’ असा शब्द पाठ केला होता, ते हे. आणि हा आपलाच सह्याद्री बरं का! आपल्या महाबळेश्वर-आंबोलीहून निघालेली डोंगराची रांग खाली केरळात जाते आणि तिथे ती आणखी दाट, आणखी ओली होते. उंच डोंगरावरचं जंगल पुष्कळ ठिकाणी उरलं आहे. पण इतक्या सखल भागातलं, थेट नदीला लागून असलेलं जंगल आता फार थोड्या ठिकाणी दिसतं. कारण सरळ आहे. नदीकाठची सपाट जागा माणसाने सगळ्यात आधी घेतली.

या जंगलात काडर राहतात. मल्याळममध्ये ‘काडु’ म्हणजे रान. काडर म्हणजे रानातली माणसं. आपल्याकडे कातकरी, कोलाम, माडिया या जमाती सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरल्या आहेत ना, तशाच केरळात पाच आहेत, त्यांतले हे एक. संख्येने अगदी थोडे. शेती त्यांची परंपरा नाही. मध काढायचा, रानातला धूप, शिकेकाई, रिठे, रानहळद गोळा करायची, नदीत मासे धरायचे, हे त्यांचं जगणं. म्हणजे किराणा दुकान आणि औषधाचं दुकान दोन्ही जंगल, आणि मासळीबाजार नदी.

शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजांच्या काळात लिहिलेल्या नोंदींत काडरांची एक रीत वाचायला मिळाली आणि ती मला फार आवडली. लग्नाआधी मुलगा बांबूची फणी कोरायचा आणि ती मुलीला द्यायचा. ती फणी ती अंबाड्यात खोवायची. सोनं नाही, मानपान नाही, हुंडा नाही. आपल्या हाताने कोरलेली एक फणी! आमच्या ग्रुपमध्ये हे वाचून दाखवलं, तर एक जण म्हणाली, “आमच्या ह्यांनी साधी पिन तरी आणलीय का कधी?” हशा झाला, पण मला वाटलं, ज्या समाजात अशी रीत होती त्याला आपण ‘मागास’ म्हणतो.

वाळच्चालला रानातल्या वस्तूंचं एक छोटं दुकान आहे. तिथे एक काडर बाई बसली होती. पन्नाशीची असावी. मी मधाची बाटली आणि धुपाची पुडी घेतली, आणि ड्रायव्हरदादाला मध्ये घालून गप्पा सुरू केल्या. केरळात मोठ्या बहिणीला ‘चेची’ म्हणतात, तेवढं मला माहीत होतं. मी विचारलं, “चेची, ते धरण होणार होतं ना, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

ती लगेच काही बोलली नाही. मग नदीच्या वरच्या दिशेला हात करून तिने जे सांगितलं, ते दादाने तुटक हिंदीत उलगडलं. तिची आजी राहायची ती वस्ती वरच्या एका धरणाने उठवली. आई लग्न होऊन गेली, तिथूनही पुढे हलवलं. आता हे तिसरं. “आजीला सांगितलं नव्हतं, पाणीच आलं,” असं काहीसं ती म्हणाली. आणि मग हसली. बायका फार जुन्या दुःखाबद्दल बोलताना हसतात ना, तसं.

ती हसली आणि मला माझ्या सासूबाईच दिसल्या.

सासूबाई आता नाहीत. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, डोंगरातलं. त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना त्यांचं गाव एका धरणात गेलं. त्या सांगायच्या, मोठी माणसं कचेरीत गेली, कागदावर अंगठे उठवून आली. कागदात काय आहे ते वाचता येणारा गावात एकच, आणि तोही पुरुष. बायकांना कळलं ते बैलगाडी दारात उभी राहिली तेव्हा. त्यांच्या आईने जातं बरोबर घेतलं, उखळ राहिलं. परसातला कापा फणस राहिला. नव्या जागी जमीन मिळाली ती खडकाळ, पाणी मैलभर लांब, आणि शेजारी भाषा तीच पण ओळख कुणाची नाही. त्यांची आई पहिलं वर्षभर संध्याकाळी उंबऱ्यात येऊन डोंगराच्या दिशेला बघत बसायची म्हणे.

आणि गंमत ऐका. २००५-०६ नंतर आपल्याकडे भारनियमनाचा कहर झाला होता, आठवतंय? आमच्या तालुक्याच्या गावी बारा-बारा तास लाइट नसायची. मुलगा दहावीला, मिक्सर बंद, विहिरीवरची मोटर बंद. तेव्हा सासूबाई ओट्यावर पदराने वारा घेत बसायच्या आणि म्हणायच्या, “आमचं गाव बुडवून केलेली लाइट गेली कुठं म्हंते मी?” आम्ही हसायचो. पण एकदा त्या गंभीरपणे म्हणाल्या, “लाइट आली ते ब्येस झालं गं. तुम्हाला चूल फुंकाया लागत न्हाई. पर आमाला कुणी इचारलं न्हाई.”

काडर बाईची कहाणी ऐकताना मला हे वाक्य आठवलं, आणि पुढे कागदपत्रं चाळताना तर ते डोळ्यांपुढून हलेना. कारण अतिरप्पिल्लीच्या या चाळीस वर्षांच्या भांडणात मुद्दा तोच आहे. विचारलं का?

बघा हं. चालक्कुडी नदी आणि तिच्या उपनद्यांवर आधीच सहा धरणं आहेत. वाळच्चालच्या वरचं पोरिंगलकुत्तु १९५७ सालचं. परंबिकुळम, शोलयार हीही त्याच्या मागेपुढे झालेली. ती बांधली तेव्हा जंगलातल्या काडरांना त्यांच्या वस्त्यांवरून हलवलं गेलं. त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती. पण अतिरप्पिल्लीच्या वेळेला काळ बदलला होता. कायद्याने जनसुनावणी घेणं सरकारला भाग होतं.

१९९८ साली केंद्राने या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी दिली. लोक कोर्टात गेले आणि २००१ साली केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं, की जनसुनावणी रीतसर घ्या. २००२ साली सुनावणी झाली, लोकांनी गर्दी करून विरोध नोंदवला. २००५ साली पुन्हा मंजुरी आली. ती कशाच्या आधारावर? नव्याने केलेल्या एका अहवालाच्या. आणि तो अहवाल लोकांपुढे ठेवलाच नव्हता! २००६ साली उच्च न्यायालयाने ती मंजुरीही रद्द केली. २००७ साली तिसऱ्यांदा मंजुरी. पुन्हा कोर्ट. २०१० साली तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी, ही मंजुरी रद्द का करू नये, अशी नोटीस काढली.

घरात वाटणीची बोलणी चालू असतात, पुरुषमंडळी ओसरीवर बसतात, आणि आतल्या बाईला म्हणतात, “तुझं काय म्हणणं? हो ना? बरं, चहा टाक.” त्याला विचारणं म्हणत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कागद न दाखवता घेतलेली संमती ही त्यातलीच.

काडरांना खरा आधार मिळाला तो २००६ सालच्या वनहक्क कायद्याने. हा कायदा म्हणतो, की जे पिढ्यान् पिढ्या जंगलात राहिले, त्यांचा त्या जंगलावर हक्क आहे, आणि तो मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. आपल्या वाचकांना यातली दोन कलमं मुद्दाम सांगते. एक, वैयक्तिक वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा. आणि दोन, त्यासाठी भरणाऱ्या ग्रामसभेत एक तृतीयांश बायका हजर असल्याच पाहिजेत, नाहीतर सभा भरलीच नाही असं समजायचं! २००९ साली केंद्राने आणखी स्पष्ट केलं, की वनजमीन प्रकल्पाला द्यायची असेल तर आधी तिथल्या ग्रामसभेची संमती आणा.

२०१४ साली वाळच्चाल भागातल्या नऊ काडर वस्त्यांना सुमारे ४०० चौरस किलोमीटर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. त्याच जंगलाचा एक तुकडा धरणासाठी हवा होता. वाळच्चाल आणि पोकलप्पारा या दोन वस्त्यांना तर प्रकल्पाची थेट झळ बसणार होती. आणि वाळच्चालच्या वस्तीची प्रमुख कोण? एक बाई. गीता तिचं नाव. वस्तीला तिथे ‘ऊर’ म्हणतात, प्रमुखाला ‘मूप्पन’. बाई प्रमुख झाली म्हणून ‘ऊरुमूप्पत्ती’. काडरांमधली ती पहिली स्त्री-प्रमुख म्हणून ओळखली जाते. ग्रामसभांनी ठराव केले, की आम्हाला हे धरण नको. ज्या समाजातल्या आजीला ‘पाणीच आलं’ तेव्हा कळलं होतं, त्याच समाजातली नात आता सभेत उभी राहून ‘नाही’ म्हणत होती, आणि त्या ‘नाही’ला कायद्याचं पाठबळ होतं.

केरळात वर्षावन आणि वीज यांचं भांडण निघालं, की त्यात बायका पुढे असतात. १९७०-८० च्या दशकात सायलेंट व्हॅलीच्या जंगलात धरण होणार होतं, तेव्हा कवयित्री सुगतकुमारी रस्त्यावर उतरल्या. पुढे ते धरण रद्द झालं आणि १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. चालक्कुडी नदीसाठी डॉ. लता अनंता यांनी अशीच वर्षानुवर्षं झुंज दिली. त्यांची झुंज आकड्यांची होती. नदीत पाणी किती येतं, ते किती महिने टिकतं, मंडळाने धरलेला हिशेब बरोबर आहे का, हे त्या आणि त्यांचे सहकारी तपासत राहिले, आणि मंडळ म्हणतं तेवढं पाणी नदीत नाहीच, हे दाखवून देत राहिले. जमाखर्चाची वही घेऊन बसलेल्या गृहिणीपुढे कुणाची थाप चालते का? लताताई २०१७ साली गेल्या. प्रकल्प थांबलेला पाहायला त्या राहिल्या नाहीत.

यात आपला महाराष्ट्रही येतो. पश्चिम घाटासाठी केंद्राने जी तज्ज्ञ समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ. ही समिती अतिरप्पिल्लीला गेली, लोकांशी बोलली आणि २०११ सालच्या अहवालात तिने सांगितलं, की या प्रकल्पाला परवानगी देऊ नये. पुढे दुसऱ्या समितीने २०१३ साली तो पुन्हा तपासून बघायची वाट मोकळी ठेवली, ही गोष्ट वेगळी.

आता जंगल गेलं तर नक्की काय जातं? एकच उदाहरण देते. धनेश पक्षी. दक्षिणेत धनेशाच्या चार जाती आहेत, त्या चारही या वाळच्चालच्या जंगलात सापडतात. त्यातला सर्वांत मोठा धनेश केरळचा राज्यपक्षी. याच्या मादीचं बाळंतपण ऐका. ती जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फटच उरते. आत अंडी, मग पिल्लं. आणि बाहेरून नर दिवसभर उंबरं, फळं आणून त्या फटीतून भरवतो. महिनोन् महिने! असा नवरा मिळायला पूर्वपुण्याई लागते. पण नराला काही झालं, किंवा ते झाड पडलं, तर आतले सगळे गेले. अशी ढोलीची झाडं व्हायला शंभर-शंभर वर्षं लागतात. धरणात बुडणाऱ्या नदीकाठच्या पट्ट्यात अशी झाडं होती.

पूर्वी काडर लोक या ढोलीतली पिल्लं काढून खायचे. हे लपवण्यात अर्थ नाही, भूक लागली की माणूस खातो. पण गेली वीसेक वर्षं संशोधकांच्या मदतीने तीच माणसं या घरट्यांची राखण करताहेत. कुठल्या झाडात घरटं आहे हे त्यांच्याइतकं ठाऊक कुणाला असणार? ज्याचे हात पिल्लू काढायला जायचे, तोच आता वही-पेन्सिल घेऊन नोंद करतो. जंगल राखायला बाहेरून माणसं आणायची गरज नसते, आतल्यांवर विश्वास टाकावा लागतो, हे मला यातून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग वीज नको का? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. भारनियमनात मुलाचा अभ्यास मेणबत्तीवर करून घेतलेली आई मी. विजेला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. केरळात कोळसा नाही, बरीचशी वीज बाहेरून विकत घ्यावी लागते. पाण्याची वीज धूर करत नाही. मंडळातले इंजिनीअर काही राक्षस नव्हेत, त्यांनाही लोकांच्या घरात दिवे लावायचे असतात.

पण ही वीज मुख्यतः हवी कधी असते, माहीत आहे? संध्याकाळी सहा ते दहा. मागणी तेव्हा सर्वांत जास्त. म्हणजे आपण कुकर लावतो, मुलं ट्यूशनहून येतात, पंखे फिरतात आणि मालिका सुरू होतात, तेव्हा. त्या वेळेसाठी वरच्या धरणातून पाणी सोडून वीजघर जोरात चालवायचं, एरवी कमी करायचं. त्यामुळे खालच्या नदीचं पाणी वेळीअवेळी चढतं-उतरतं. आपल्या मालिकेची वेळ आणि नदीच्या पाण्याची पातळी यांचा असा संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं! नदीच्या खालच्या अंगाला कालव्यावरची शेती आहे, पंचायतींच्या पाणीयोजना आहेत. तिथल्या बाईचा हंडाही याच वेळापत्रकाला बांधलेला.

आणि पर्याय नाहीतच असंही नाही. आमचं परतीचं विमान कोचीहून होतं. तो विमानतळ २०१५ सालापासून सौरऊर्जेवर चालतो, संपूर्ण सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून तो गाजला. अतिरप्पिल्लीपासून गाडीने दीड-दोन तासांवर. एका बाजूला १३८ हेक्टर जंगल धरणासाठी मागायचं, आणि दुसऱ्या बाजूला विमानतळाच्या मोकळ्या जागेत आरसे मांडल्यासारखी पॅनेल्स चमकताहेत. सौरऊर्जा रात्रीची चालत नाही, साठवणीचा खर्च असतो, हे मान्य. पण १९७९ साली जो एकच मार्ग दिसत होता, तो आज एकच राहिलेला नाही.

शेवट काय झाला? २०२० च्या जून महिन्यात, सगळं जग कोरोनाने घरात बसलेलं असताना, राज्य सरकारने वीज मंडळाला या प्रकल्पाची कामं पुढे न्यायला हिरवा कंदील दाखवला. पुन्हा गदारोळ झाला. मग २०२१ साली केरळच्या वीजमंत्र्यांनी सांगितलं, की मतैक्य नाही, प्रकल्प पुढे नेत नाही. चाळीस वर्षांचं भांडण अशा एका वाक्याने थांबलं.

थांबलं म्हणजे संपलं का? मी चेचीला हेच विचारलं. तिने खांदे उडवले. तिच्या हिशेबाने ही फाइल अनेकदा मिटली आणि अनेकदा उघडली. तिचा भरवसा फाइलवर नाही, सभेवर आहे. आणि त्या सभेचा आवाजही कायमचा पक्का आहे असं समजू नये. २०२२ साली केंद्राने वनजमिनीच्या मंजुरीचे नियम बदलले. केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती दाखवण्याची जी अट होती ती सुटली, वनहक्क पाळले जातात की नाही हे बघणं राज्यावर सोपवलं गेलं. म्हणजे आधी लग्न ठरवायचं आणि मग मुलीला विचारायचं, असं होण्याची भीती.

हे सगळं केरळचं झालं, आपल्याला काय, असं वाटेल. पण आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने याच कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले, देशात अगदी सुरुवातीला. आणि जंगल नसलेल्या आपल्यासारख्या गावांतही, महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे, प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. तुमच्या गावात ती होते का? झाली तर तुम्ही जाता का? की रजिस्टर घरी येतं आणि पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने सही होते? मी खरं सांगते, माझ्या माहेरच्या गावी माझी वहिनी कित्येक वर्षं अशीच सही करत होती. केरळहून आल्यावर मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. पुढच्या सभेला ती आणि तिच्या गल्लीतल्या सहा जणी गेल्या. विषय होता पाण्याच्या टाकीची जागा. आधीची जागा बायकांना उलटी पडणारी होती, ती बदलली. एवढंच. धरण काही अडवलं नाही तिने! पण विचारलं गेलं, आणि तिने सांगितलं.

वाळच्चालहून आणलेला धूप मी जपून वापरते. परवा सासूबाईंच्या तिथीला निखाऱ्यावर दोन खडे टाकले. घरभर रानाचा वास पसरला. वर पंखा चालू होता, ट्यूबलाइट लखलखत होती. सून विचारत होती, “आई, कुठला हो हा धूप? दुकानातला वाटत नाही.”

तिला हाताशी बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सासूबाईंच्या फणसापासून.